साईटची शाकारणी : छोटा अपडेट आला की लगेच घ्यायचा की थांबायचं?

कौलारू
सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे गुहागर बाजूला मे महिना संपत आला की कौलं शाकारून घेतात. फुटकं कौल बदलायचं, सरकलेलं नीट बसवायचं, पन्हळीतला पाचोळा काढायचा. त्याने घर नवं होत नाही, खोली वाढत नाही. पण केलं नाही तर मृगाच्या पहिल्या सरीला देवघरात गळतं. वेबसाईट ज्या सॉफ्टवेअरवर चालते त्याचा मेंटेनन्स अपडेट म्हणजे हीच शाकारणी, असं माझं मत झालं आहे. ते कसं झालं ते सांगतो, आणि मग तुम्ही काय करता ते विचारायचं आहे.

घरातल्या आणि वाडीतल्या मिळून पाच साईट मी बघतो. दोन न्याहारी-निवासाच्या, एक आंब्याची, एक भजनी मंडळाची, एक शाळेच्या माजी विद्यार्थ्यांची. पाचही वर्डप्रेस या साईट चालवायच्या सॉफ्टवेअरवर. हा माझा व्यवसाय नाही, घरच्यांचं अडू नये म्हणून शिकलो.

गेल्या पावसाळ्यात नाशिकच्या एका पाहुण्यांचा काकूला फोन आला. "काकू, तुमची साईट उघडली की पत्त्यांचा जुगार येतोय." मी लॅपटॉपवर पत्ता टाकून बघितलं, साईट व्यवस्थित. काकूला सांगितलं, त्यांचंच काहीतरी चुकलं असेल. चार दिवसांत आणखी दोघांचे तसेच फोन आले. मग मी पाहुण्यासारखं करून बघितलं : मोबाईल घेतला, गूगलवर नाव शोधलं आणि तिथून आत गेलो. जुगार! घुसणाऱ्याने तशीच योजना केलेली असते. मालक थेट पत्ता टाकून येतो, त्याला काहीच दिसू द्यायचं नाही. शोधून येणारा गिऱ्हाईक तेवढा पळवायचा.

आत जाऊन बघितलं तर अपलोड्सच्या फोल्डरमध्ये, आंबोळीच्या आणि पडवीच्या फोटोंच्या मध्ये, एक पीएचपी फाईल, म्हणजे सर्व्हरवर चालणारा प्रोग्राम. तिथे फोटोच असायला हवेत, पीएचपीचं काहीच काम नाही. वापरकर्त्यांच्या यादीत एक ॲडमिन, ज्याला घरातलं कुणी ओळखत नाही. आणि डब्ल्यूपी-कॉन्फिग या मूळ सेटिंग्जच्या फाईलमध्ये एक ओळ : 'ऑटोमॅटिक अपडेटर डिसेबल्ड', ट्रू. म्हणजे आपोआप अपडेट बंद. साईट बनवून देणाऱ्याने कधीतरी टाकलेली. अपडेटने काही मोडलं तर आपल्याला फोन येऊ नये, एवढाच हेतू असावा. ज्या प्लगिनमधून (साईटला वरून जोडलेली जादा सोय) चोर शिरला त्याची दुरुस्ती येऊन पाच महिने झाले होते. डॅशबोर्डवर लाल गोलात ११ आकडा दिसत होता. काकूला वाटायचं, ते न वाचलेले निरोप आहेत.

बॅकअप होता, पण त्याच सर्व्हरवर, त्याच खात्यात, म्हणजे तोही बाधित. बनवणाऱ्याच्या संगणकावर एक वर्ष जुनी प्रत सापडली. नव्या जागी चढवली आणि सगळ्या मराठी मजकुराची प्रश्नचिन्हं झाली. 'घरगुती जेवण' नाही, '?????? ????'. दर देवनागरी आकड्यांत होते, तेही गेले. शेवटी काकूने आपली वही काढली. तीन वर्षांपूर्वी तिने त्यात हाताने सगळं लिहून दिलं होतं : सोलकढी, घावणे, उकडीचे मोदक आदल्या दिवशी सांगितल्यास, खोलीत पंखा, विहिरीचं पाणी. दोन संध्याकाळी ती वाचत होती आणि मी टंकत होतो.

तेव्हापासून तिसरा आकडा बदलणारे अपडेट मी थांबवत नाही. वर्डप्रेसमध्ये ६.५ वरून ६.६ हा मोठा बदल असतो, ६.६ वरून ६.६.१ ही शाकारणी. छोट्या आवृत्त्या आपोआप चढण्याची सोय ऑक्टोबर २०१३ मध्ये ३.७ आवृत्तीबरोबर आली. ती बंद करण्यासारखं एकही कारण मला सापडलेलं नाही. तुमच्याकडे चालू आहे का?

बंदरावरून
सोमवार, रात्री १०.२५

अनुभव मनापासून लिहिलात. पण एकही कारण नाही हे पटलं नाही. ४.९.३ आठवते का? ५ फेब्रुवारी २०१८. छोटाच अपडेट, ३४ बारीक दुरुस्त्या. त्यात नेमकं आपोआप अपडेट घेणारं यंत्रच मोडलं. दुसऱ्याच दिवशी ४.९.४ काढावी लागली आणि ती लोकांना हाताने चढवावी लागली, कारण ४.९.३ला स्वतःहून पुढे जाताच येत नव्हतं. माझ्याकडे तेव्हा आठ साईट होत्या. आठही ठिकाणी आत जाऊन बटण दाबलं.

कौलारू
सोमवार, रात्री १०.५०

आठवते ना. पण बंदरावरूनदादा, त्या दिवशी तुमची एक तरी साईट बंद पडली का? पानं दिसत होती, फॉर्म चालत होते. अपडेटच्या तपासणीत सर्व्हरला मारायच्या चकरा कमी करायच्या म्हणून एक बदल केला आणि तो अर्धवट गेला, एवढंच. दुरुस्तीला एक दिवस लागला. माझ्या काकूची साईट पाच महिने उघडी होती.

आणि तुम्ही २०१८ सांगितलंत तर मी २०१७ सांगतो. ४.७ आणि ४.७.१ मध्ये असं भोक होतं की बाहेरच्या कुणालाही लॉगिन न करता तुमच्या पानावरचा मजकूर बदलता यायचा. २६ जानेवारीला, आपल्याकडे झेंडावंदन चालू होतं त्या दिवशी, ४.७.२ आली. त्या भोकाबद्दल मुद्दाम अवाक्षर काढलं नाही. १ फेब्रुवारीला जाहीर केलं. मधल्या दिवसांत ज्यांच्याकडे आपोआप चढली ते वाचले. ज्यांनी सोय बंद ठेवली होती त्यांची पानं पुढच्या काही दिवसांत रंगवली गेली, लाखोंच्या संख्येने. छोट्या अपडेटमध्ये काय आहे हे वाचून मग ठरवू म्हणणाऱ्याला त्या आठवड्यात वाचायला काही मिळालंच नसतं.

कोकमसरबत
मंगळवार, सकाळी ७.१५

कौलारूदादा, तुमच्या काकूंचं वाचून पोटात गोळा आला. आमचं दापोलीजवळ छोटं घरगुती निवास आहे. भाच्याने साईट करून दिली, तो आता बाहेरदेशी असतो. मीही अपडेटला हात लावत नाही. एकदा अपडेट दाबला आणि लाईट गेली. आल्यावर बघते तर 'नियोजित देखभालीसाठी थोडा वेळ बंद' अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य पांढऱ्या पानावर, बाकी काही नाही. आमच्याकडे पावसात लाईट कधी जाईल सांगता येत नाही. मधेच गेली तर साईट मोडते का?

खाडीकाठ
मंगळवार, सकाळी ९.०५

ताई, घाबरू नका. आपोआप होणारा अपडेट पूर्णपणे सर्व्हरवर होतो. सर्व्हर मुंबईत असो की सिंगापूरला, तुमच्या घरच्या लाईटचा त्याच्याशी संबंध नाही. तुम्ही स्वतः बटण दाबता तेव्हा मात्र काम संपेपर्यंत ते पान उघडं ठेवावं. म्हणून उलट आपल्याकडे आपोआपच बरं.

ते पांढरं पान कसं येतं तेही सांगतो. अपडेट सुरू होताना वर्डप्रेस मुख्य फोल्डरमध्ये 'डॉट मेंटेनन्स' नावाची छोटी फाईल ठेवतं. तिच्यात फक्त सुरुवातीची वेळ असते. ती फाईल आहे तोवर येणाऱ्याला ते वाक्य दिसतं. काम झालं की फाईल काढली जाते. काम मधेच अडकलं, आणि त्याचं नेहमीचं कारण म्हणजे होस्टिंगवरची जागा भरलेली असणं किंवा सर्व्हरने वेळमर्यादा संपली म्हणून काम तोडणं, तर फाईल तशीच राहते. दहा मिनिटं उलटली की वर्डप्रेस स्वतःच तिच्याकडे दुर्लक्ष करतं. तरी पान तसंच दिसत असेल तर फाईल मॅनेजरमधून ती काढून टाका. नाव टिंबाने सुरू होतं म्हणून ती लपलेली असते, 'हिडन फाईल्स दाखवा' करावं लागतं. मग अपडेट पुन्हा चालवा, म्हणजे अर्धवट राहिलेल्या फाईली पूर्ण होतील.

छोट्या अपडेटमध्ये बहुतेक वेळा बदललेल्या फाईलीच तेवढ्या येतात. तुमचे फोटो, थीम (साईटचं रूप ठरवणाऱ्या फाईली), प्लगिन ज्या डब्ल्यूपी-कॉन्टेंट फोल्डरमध्ये असतात त्याला तो हात लावत नाही.

आता एक गोष्ट खास आपल्या बाजूची. वर्डप्रेसला स्वतःचं घड्याळ नाही. अपडेट आहे का हे ते दिवसातून दोनदा बघतं, पण बघायची वेळ झाली हे त्याला कधी कळतं? कुणी साईटचं पान उघडलं की. मे महिन्यात ठीक आहे. जुलैत तुमच्या होमस्टेच्या साईटवर येतं कोण? त्यात कॅशिंगचं प्लगिन असेल तर साठवलेलं पान बाहेरच्या बाहेर दिलं जातं, वर्डप्रेस जागंच होत नाही. म्हणून होस्टिंगच्या पॅनलमध्ये 'क्रॉन जॉब' (ठरलेल्या वेळी काम चालवायची सोय) असतो तिथे दर अर्ध्या तासाने डब्ल्यूपी-क्रॉन फाईलला हाक मारायची नोंद करून ठेवा. मी ज्या साईट बघतो, हर्णैपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या, त्या सगळ्यांना हे केलं आहे.

पेटीवाला
मंगळवार, दुपारी १.३०

देवगडहून. आंब्याची थेट विक्री करतो. माझा नियम साधा आहे : फेब्रुवारीअखेरपासून मे अखेरपर्यंत साईटला कुणी हात लावायचा नाही. वर्षाचं सगळं उत्पन्न त्या शंभर दिवसांत. दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये, ऐन अक्षय्य तृतीयेच्या तोंडावर, एक अपडेट झाला आणि ऑर्डरच्या पानावरचा 'पाच डझन / सहा डझन' हा पर्यायच गायब झाला. दीड दिवस कुणी ऑर्डर टाकू शकलं नाही. माल झाडावरून उतरवलेला, आढीत. आंबा थांबत नाही हो. तुम्ही सगळे अपडेट घ्या म्हणताय, पण त्या दीड दिवसाची भरपाई कोण देणार?

खाडीकाठ
मंगळवार, दुपारी २.१०

पेटीवालेदादा, तो अपडेट कशाचा होता? थीमचा ना? तुमच्या साईटवाल्याने तो डझनाचा पर्याय थीमच्या मूळ फाईलमध्येच लिहिला असणार. थीमची नवी आवृत्ती आली की मूळ फाईली बदलतात, त्यात आपली भर पुसली जाते. त्यासाठीच आपली भर वेगळ्या फाईलींत ठेवणारी चाईल्ड थीम करायची असते.

पेटीवाला
मंगळवार, दुपारी २.२५

थीमचाच. चाईल्ड थीम नव्हती.

कौलारू
मंगळवार, रात्री ८.४५

पेटीवालेदादा, तुमचं नुकसान खरं आहे आणि तुमची भीतीही रास्त आहे. पण औषध चुकीच्या जागी लागतंय. हंगामात थीम बदलू नका, प्लगिनची मोठी आवृत्ती घेऊ नका, वर्डप्रेसचा मोठा टप्पा घेऊ नका. हे सगळं पावसात करा. होड्या किनाऱ्यावर ओढून दुरुस्ती करतात त्या दिवसांत. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तशी आपलीही मुदत ठरवून घ्या. पण मूळ सॉफ्टवेअरचा तिसरा आकडा हंगामातही थांबवायचा नाही. उलट हंगामातच थांबवायचा नाही, कारण त्या शंभर दिवसांत तुमच्या साईटवर लोकांचे पत्ते आणि फोन नंबर जमा होत असतात.

दोन्ही वेगळं ठेवता येतं. कॉन्फिग फाईलमध्ये 'डब्ल्यूपी ऑटो अपडेट कोअर' या नावापुढे 'मायनर' लिहिलं की मूळ सॉफ्टवेअरचे छोटे अपडेट आपोआप, मोठे तुमच्या मर्जीने. थीम आणि प्लगिनची आपोआपची सोय ऑगस्ट २०२० मध्ये ५.५ पासून आहे, ती प्रत्येकाची वेगवेगळी चालू-बंद होते. आणि ६.६ पासून, म्हणजे जुलै २०२४ पासून, आपोआप घेतलेल्या प्लगिन अपडेटने साईट कोलमडत असेल तर वर्डप्रेस जुनी आवृत्ती स्वतः परत बसवतं. डझनाचा पर्याय गेला हे मात्र त्याला कळणार नाही. ते माणसालाच बघावं लागतं.

पेटीवाला
मंगळवार, रात्री ९.३०

हे वेगळं करता येतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. 'मायनर' करून बघतो. प्लगिन मात्र हंगामात हातानेच घेणार, तेही रात्री अकरानंतर आणि सुरक्षेचं असेल तरच. त्यावर मी ठाम आहे.

कौलारू
मंगळवार, रात्री ९.४०

चालेल की. सुरक्षेचं आहे हे कळण्यासाठी बदलांची नोंद वाचावी लागेल, तेवढं करा.

सर्जेकोट
बुधवार, सकाळी ६.५०

मालवणसून लिवतंय. सगळा वाचलंय, बरा वाटला. माका येकच सांगा. बॅकअप घेतल्यार तो ठेवचो खंय? मिया पेनड्राईव्हर घेतलंय. पण तौक्तेच्या वख्ताक घरात पाणी इला तेवा कपाटातला सगळा गेला. पेनड्राईव्ह आनी लॅपटॉप येकाच कपाटात आसत.

खाडीकाठ
बुधवार, सकाळी ९.२०

तर मग एक प्रत घराबाहेर हवीच. सर्व्हरवर एक, ऑनलाईन ड्राईव्हवर एक, घरी एक, असं ठेवा. घरची गेली तरी ड्राईव्हवरची राहते. दोन वस्तू लागतात : डेटाबेस, ज्यात सगळा मजकूर असतो, आणि डब्ल्यूपी-कॉन्टेंट फोल्डर. कॉन्फिग फाईलही सोबत घ्या. बाकी वर्डप्रेस नवं आणता येतं.

आणि घेतलेला बॅकअप एकदा तरी चढवून बघा. सबडोमेनवर (आपल्याच डोमेनखालच्या वेगळ्या पत्त्यावर) रिकामी साईट करायची आणि तिथे उतरवायची. कौलारूंच्या काकूंच्या साईटची जी प्रश्नचिन्हं झाली, ती आधी चढवून बघितली असती तर वर्षापूर्वीच कळलं असतं.

त्या प्रश्नचिन्हांबद्दल थोडं लांबून सांगतो, मराठी साईटवाल्यांना हे कधीतरी भोवतंच. मराठी मजकुराच्या जागी दोन प्रकारचा कचरा दिसतो. एकात टोपी-मात्रा घातलेली रोमन अक्षरं ओळीने येतात. तेव्हा मूळ मजकूर जिवंत असतो, वाचणाऱ्याने चुकीच्या लिपीचा चश्मा घातलेला असतो, आणि तो सुधारता येतो. दुसऱ्यात नुसती प्रश्नचिन्हं. तिथे प्रत काढताना किंवा चढवताना मधे लॅटिन-१ सारखा संच आला, त्यात देवनागरीला जागाच नाही, म्हणून प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह लिहिलं गेलं. त्या प्रतीतून काहीच परत येत नाही. म्हणून प्रत काढताना आणि चढवताना दोन्हीकडे 'यूटीएफ-८ एमबी-४' आहे ना ते बघा. वर्डप्रेसने २०१५ मध्ये ४.२ पासून तोच धरला आहे, पण त्याआधीपासूनच्या साईटमध्ये जुने तक्ते राहिलेले असू शकतात.

(अवांतर : पानाचा पत्ता मराठीत ठेवला तर वर्डप्रेस तो साधारण बावीस अक्षरांवर तोडतं. जागा २०० वर्णांची, आणि देवनागरीचं एकेक चिन्ह टक्क्यांच्या सांकेतिक रूपात नऊ वर्ण खातं. काना-मात्राही वेगळे मोजले जातात. लांब मथळ्याचा पत्ता अर्धवट दिसला तर अपडेटला दोष देऊ नका.)

पुस्तकपेटी
बुधवार, दुपारी ४.००

आमचं सार्वजनिक वाचनालय आहे, रत्नागिरी तालुक्यात. साईट ड्रुपल ७ वर (वर्डप्रेससारखंच दुसरं सॉफ्टवेअर), पुस्तकांची सूची त्यातच. गेले कित्येक महिने अपडेटचा एकही निरोप नाही, म्हणून मी निश्चिंत होते. हा धागा वाचून शंका आली. निरोप न येणं चांगलं की वाईट?

बंदरावरून
बुधवार, सायंकाळी ५.१५

वाईट, ताई. ड्रुपल ७ ची देखभाल ५ जानेवारी २०२५ ला संपली. आता मूळ प्रकल्पाकडून तिच्यासाठी दुरुस्ती येतच नाही, म्हणून निरोप नाही. जूमला ३ या तशाच सॉफ्टवेअरवाल्यांचंही तसंच, त्यांची मुदत १७ ऑगस्ट २०२३ लाच संपली.

मी वर छोट्या अपडेटच्या विरोधात लिहिलं, पण ड्रुपलचं एक उदाहरण मला स्वतःलाच टोचतं. १५ ऑक्टोबर २०१४. ड्रुपल ७ मधलं मोठं भोक जाहीर झालं आणि त्याच वेळी दुरुस्ती आली. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेनऊ. नंतर त्यांच्या सुरक्षा गटाने स्पष्ट सांगितलं : जाहीर झाल्यापासून सात तासांत ज्यांनी दुरुस्ती चढवली नाही, त्यांनी साईट फुटली असंच धरावं. सात तास म्हणजे आपले पहाटेचे साडेचार. जेवून झोपलेला माणूस उठायच्या आत खेळ संपलेला. तिथे आपोआपची सोय नव्हती. हे लिहिताना जाणवतंय की कौलारूंशी मी ४.९.३ वरून जो वाद घातला तो कमकुवत आहे.

ताई, सूची आधी एक्सेलमध्ये बाहेर काढून घ्या. मग नवीन साईट कशावर करायची ते निवांत ठरवा.

पुस्तकपेटी
बुधवार, सायंकाळी ६.३०

आजच बसते. नोंदवह्या कपाटात आहेत, पण हजारो नोंदी पुन्हा टंकायची ताकद आता नाही.

कोकमसरबत
गुरुवार, रात्री ८.००

मी कालपासून प्रयत्न करतेय. कॉन्फिग फाईलपर्यंत पोहोचायलाच होस्टिंगचा पासवर्ड हवा, तो भाच्याच्या ईमेलवर. ओटीपी त्याच्या जुन्या भारतीय नंबरवर, तो नंबर बंद. डोमेनही त्याच्याच नावावर. साईटमधला ॲडमिनचा ईमेलसुद्धा त्याचाच. म्हणजे साईटवर काही बिघडलं तर कळणार त्याला, पाहुणे येणार माझ्याकडे!

कौलारू
गुरुवार, रात्री ८.३५

ताई, हे सगळ्यात आधी. त्याच्याशी एकदा व्हिडिओ कॉलवर बसा आणि क्रमाने करून घ्या. आधी डोमेन तुमच्या नावावर आणि तुमच्या ईमेलवर. मग होस्टिंग. मग डॅशबोर्डच्या सेटिंग्जमध्ये ॲडमिनचा ईमेल. तो शेवटचा ईमेल बारीक वाटतो, पण छोटा अपडेट झाल्याचा निरोप तिथेच येतो, आणि एखाद्या प्लगिनने साईट कोसळली तर आत शिरायची दुरुस्तीची लिंकही तिथेच येते. ही सोय ५.२ पासून आहे, २०१९ पासून. काकूच्या साईटवर ती लिंक आली असती तर बनवणाऱ्याला आली असती. भाच्यावर रागावू नका, त्याने त्या वेळी सोयीचं तेच केलं. आमच्याकडेही तसंच होतं.

सर्जेकोट
शुक्रवार, रात्री १०.१०

आज रिकाम्या सबडोमेनवर बॅकअप चढवून बगलंय. पयल्या वेळाक नाय झाला, डेटाबेसचो पासवर्ड चुकलो. दुसऱ्या वेळाक साईट उभी ऱ्हवली. फोटो इले, मराठी अक्षरा सगळी जाग्यार. प्रत ड्राईव्हर टाकलंय, पेनड्राईव्ह भावाकडे कट्ट्याक पाठवलंय. खाडीकाठदादानू, उपकार आसत.

कोकमसरबत
रविवार, सकाळी ८.२०

काल संध्याकाळी भाचा तीन तास माझ्यासोबत बसला. डोमेन, होस्टिंग, ईमेल सगळं माझ्या नावावर आलं. कॉन्फिग फाईल उघडली तर तीच ओळ, तुमच्या काकूंच्या साईटवर होती ती! भाच्यालाही आठवत नव्हतं, कुठूनतरी नमुना उतरवताना आली असावी म्हणाला. आधी बॅकअप घेतला, तो वेगळ्या जागी चढवून बघितला, मग ओळ काढली. खाडीकाठांनी सांगितलेली क्रॉनची नोंद केली. अपलोड्सचं एकेक फोल्डर उघडून बघितलं, फोटोंशिवाय काही नाही.

पहाटे सव्वातीनला माझ्या ईमेलवर निरोप आला की साईट आपोआप नव्या आवृत्तीवर गेली. सकाळी उठून आधी मोबाईलवर गूगलमधून शोधून उघडली, मग लॅपटॉपवर. दरांचं पान बघितलं, जेवणाचं बघितलं. 'किनाऱ्यावरून चालत पाच मिनिटं' यातला ऱ्या नीट आहे. बुकिंगच्या फॉर्ममधून स्वतःलाच एक निरोप पाठवून बघितला, तो आला. त्याच्या खाली दिवाळीच्या सुट्टीसाठी पुण्याच्या दोघांची विचारणा आली होती, त्यांना उत्तर लिहायला बसते आता.